डाव्या हाताचा जप

गिटारच्या तारांना एक वास असतो आणि तो वाजवणाऱ्याच्या बोटांनाच तेवढा कळतो, ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ओलं तांब्याचं भांडं घासून झाल्यावर हाताला येतो तसा काहीसा तुरट, थंड वास. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना तो पहिल्यांदा आला तेव्हा दसरा नुकताच सरला होता, कोल्हापूरच्या कळंबा तळ्यावरून येणारा वारा दुपारी तापलेला आणि संध्याकाळी एकाएकी शहाणा झालेला असे, आणि गुऱ्हाळं अजून पेटायची होती. गॅलरीत, मांडीवर ते पोकळ लाकूड सांभाळत मी बसले होते. उतरत्या उन्हात तळ्याचं पाणी पितळी दिसत होतं, आणि दूर, तुरुंगाच्या उंच भिंतीवरचे दिवे अंधार पडण्याआधीच कुणीतरी घाईनं लावून ठेवले होते. मी एक तार दाबली आणि उजव्या हातानं छेडली. सूर आलाच नाही; डब्यात अडकलेल्या माशीसारखी नुसती खरखर आली. मला हसू आलं, आणि हसता हसता मी त्या हाताच्या करंगळीकडे पाहिलं.

ही गिटार माझ्या लेकीची, गौरीची. इंजिनिअरिंगला असताना तिनं हट्टानं घेतली, महिनाभर घर डोक्यावर घेतलं आणि मग परीक्षा, नोकरी, पुणे या क्रमानं ती गिटार कपाटावर, जुन्या चादरीखाली जाऊन झोपली. मी तिला खाली काढलं तेव्हा घरात थट्टेला ऊत आला. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली, साठीला टेकलेली, प्रार्थनेच्या वेळीसुद्धा नुसते ओठ हलवणारी बाई आता गिटार शिकणार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "मग बँडवाल्यास्नी आत्ताच सांगून ठेवू का?" मीही त्यांना तितक्याच गंभीरपणे सांगितलं, की निवृत्तीनंतर वेळ जात नाही, डोकं ताजं राहतं म्हणतात, म्हणून शिकते. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यापासून माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाकेला उशिरा ओ देऊ लागली होती. लसूण सोलताना, ब्लाऊजचं हूक लावताना, पिशवीची गाठ सोडताना मनानं सांगितलेलं बोटापर्यंत पोचायला मध्येच कुठेतरी रेंगाळत असे. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं, नुसता उशीर. आणि त्या उशिराची मला ओळख होती. मी तो माझ्या वडिलांच्या हातात पाहिला होता. डॉक्टरकडे जावं हे मला कळत नव्हतं असं नाही, पण डॉक्टर नाव सांगतील, आणि नाव कळलं की ते घरात राहायला येईल, ही भीती मोठी होती. म्हणून मी माझ्यापुरती एक परीक्षा काढली. बोटांना त्यांनी जन्मात केलं नाही असं काम द्यायचं. ती शिकली तर हात धड आहे. शिकणारा हात आजारी कसा असेल?

माझं माहेर गडहिंग्लजचं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मिरचीची वखार होती, आणि आमच्या लहानपणी घरातल्या गाद्यांनासुद्धा संकेश्वरी मिरचीचा तिखट, कोरडा वास येई. पण पहाटे, वखार उघडण्याआधी, घरभर वास असे तो भस्माचा आणि ओल्या बेलाच्या पानांचा. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि मग सारा जीव डोळ्यांत आणून त्या काळ्या, गुळगुळीत गोलाकडे पाहत राहायचं, ही आमची रोजची पूजा. आप्पांचा डावा हात त्या वेळी जात्याच्या तळीसारखा स्थिर असे. खिडकीतून येणारा उजेड लिंगावर तुळतुळीत ठिपका होऊन बसे आणि तो ठिपका तसूभर हलत नसे. देवघराच्या उंबऱ्यावर बसून मी आणि माझी थोरली बहीण अक्का तो ठिपका पाहत राहायचो.

पुढे, माझं लग्न होऊन मी कोल्हापूरला आले त्यानंतरच्या वर्षांत, आप्पा वखारीत गादीवर बसलेले असताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, जेवण झाल्यावर झोपाळ्यावर, त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहू लागला. एकसारखा, न थकता. आमच्या घरानं त्याचा अर्थ लावायला क्षणभरही वेळ घेतला नाही. आप्पांचा जप चालू असतो, असं अव्वा, म्हणजे आमची आई, अभिमानानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. वखारीत मिरची घालायला येणारे शेतकरी बोलणं थांबवून त्या हाताला नमस्कार करू लागले. एकदा मठातले स्वामी घरी आले असताना त्यांनी सहज विचारलं, की जप तर उजव्या हातानं, रुद्राक्षांवर करतात, तुमचा हा डाव्या हाताचा जप कुठला? आप्पा हसले आणि म्हणाले, "स्वामी, लिंग डाव्या हातावर बसतंय. मग जप बी त्यानंच करू दे की." हे उत्तर सगळ्यांना इतकं आवडलं, की पुढे कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांत ते सांगितलं जाई. मीही शाळेत, सहकाऱ्यांना, ते कौतुकानं सांगितलं आहे.

मग एका सकाळी पूजेत लिंग आप्पांच्या तळहातावरून घरंगळलं आणि ताम्हनात पडलं. तो आवाज अव्वा मरेपर्यंत विसरली नाही. लिंग हातातून पडणं याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही, म्हणून अव्वानं उपास धरले, मठात शांत केली, घरात कुणाचं काय चुकलं याचा धांडोळा घेतला. सगळं केलं, पण त्या हाताकडे हात म्हणून कुणी पाहिलं नाही. पुढे आप्पांना कोल्हापूरला आणलं तेव्हा डॉक्टरांनी ते दारातून आत येत असतानाच ओळखलं होतं. कंपवात. जपाला असं नाव असतं हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि तोवर दिवस हातचे गेले होते. त्यानंतरचं सगळं अक्कानं केलं. तिचं सासर गावातच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ येऊन ती त्यांना भरवायची, सदऱ्याची बटणं लावायची, आणि पूजेच्या वेळी त्यांच्या थरथरत्या डाव्या तळहाताखाली आपला तळहात धरून ठेवायची.

हे सगळं पाठीशी घेऊन मी क्लासचा जिना चढत होते. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, शिलाई मशिनी दुरुस्त करायच्या दुकानावर, मोहनसरांची खोली आहे. खाली मशिनीच्या तेलाचा वास, वर उदबत्तीचा. सरांनी उभी हयात ऑर्केस्ट्रात काढली, जत्रांतून आणि गणपतीच्या मांडवांतून गिटार वाजवली, आणि आता ते पोरांना शिकवतात. वर्गात माझ्या आजूबाजूला माझ्या विद्यार्थ्यांची मुलं शोभतील अशी मंडळी होती. माझ्यासाठी हात असलेली खुर्ची आणायला सर धावले, आणि मग तिच्या हातांवर गिटार आदळते म्हणून परत बिनहाताची आणली. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही वाजवू दिलं नाही. गिटार कशी धरायची एवढंच. डाव्या हाताची चार बोटं तारांवर आणि अंगठा मागे, गिटारच्या मानेला टेकलेला. "काकू, आंगठ्याला हितं कामच न्हाय," ते म्हणाले. "त्यानं मागं गप बसायचं. आंगठा हालला की समजायचं, हात बिघडला."

मग सुरू झालं ते एक-दोन-तीन-चार. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पहिल्या चार घरांत चार बोटं एकामागून एक ठेवायची आणि प्रत्येकाखाली तार स्वच्छ बोलली पाहिजे. पहिलं बोट बोलायचं, दुसरं बोलायचं, तिसरं कुरकुरायचं, आणि करंगळी आधी हवेत ताठ उभी राहायची आणि मग, बाकीची निघून गेल्यावर, धापकन कुठेतरी पडायची. मी श्वास रोखून सरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत होते. "करंगळी कुणाचंच ऐकत न्हाय सुरुवातीला. त्या पोरीची बघा, ती बी तसंच करतीया." मी पाहिलं. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीची इवलीशी करंगळीही तशीच हवेत ताठ उभी होती. मला त्या मुलीचा मुका घ्यावासा वाटला. जिना उतरताना मी अक्षरशः गुणगुणत होते, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून ह्यांच्यासाठी भडंग घेऊन गेले.

त्यानंतरचे दिवस, आता मागे वळून पाहते तेव्हा, फार सुखाचे होते. बोटांची टोकं सोलवटून निघाली, त्यांवर तारांच्या बारीक, लालसर खाचा उमटल्या, आणि गरम भाकरी तव्यावरून उचलताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं; पण त्या दुखण्याचा मला लोभ जडला. ठणकतंय म्हणजे जिवंत आहे, असं मी स्वतःला सांगायची. एका दुपारी, सगळी आळी झोपलेली असताना, ई मायनर ही दोन बोटांची कॉर्ड पहिल्यांदा पूर्ण वाजली. सहाही तारा एकदम बोलल्या, आणि तो खोल, करुण नाद लाकडातून माझ्या पोटात, छातीत उतरत गेला, जणू कुणीतरी आतून दार उघडलं. मी ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. रडलेही. परीक्षेचा निकाल लागला, असं मला त्या दुपारी मनापासून वाटलं होतं.

आणि मग बोटांचं दुखणं थांबलं. टोकांवर घट्टे पडले. सरांनी त्यांवर नख वाजवून पाहिलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं, की काकूंची बोटं आता गिटारवाल्याची झाली. मला टाळ्या मिळाल्या. घरी येऊन मी टाचणी घेतली आणि एकेका बोटाला टोचून पाहिलं. काहीच कळलं नाही, आणि ते घट्ट्यामुळे कळत नव्हतं की आणखी कशामुळे, हे मला कोण सांगणार होतं? या शिकण्याची हीच गंमत होती आणि हीच दहशत. नवशिक्याचा हात अडखळतो, कडक होतो, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बावचळतो, दमतो, बधिर होतो. आणि मला ज्याची भीती होती तोही हात हेच सगळं करतो. मी आजार पकडायला निघाले होते, आणि त्याला लपायला याहून चांगली जागा मीच शोधून दिली होती.

थंडी पडली. गुऱ्हाळांच्या चुलवणांचा धूर संध्याकाळी तळ्यावर खाली येऊन बसू लागला, आणि त्या धुरात उकळत्या रसाचा इतका दाट, गोड वास असे की घशाशी येई. लहानपणी जिभेला पाणी आणणारा तो वास मला यंदा सोसवेना. गॅलरीचं दार लावून मी आत बसू लागले. तारा गार पडलेल्या असत. दोन वेण्यांची मुलगी एव्हाना कॉर्ड बदलताना हाताकडे बघतसुद्धा नव्हती आणि तिची करंगळी आपसूक जागेवर पडत होती. माझी अजून हवेत होती. सर आता "कुणाचंच ऐकत न्हाय" असं म्हणायचे थांबले होते. ते कधी थांबले ते माझ्या लक्षात आलं नाही, पण थांबले हे आलं. एक दिवस एफ ही कॉर्ड चालली होती, जिच्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं. मी दोनदा प्रयत्न केला. सर जवळ आले आणि म्हणाले, "काकू, हात जरा मांडीवर सोडा बघू. सैल." मी सोडला. ते थोडा वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एफ आपण मागनं करूया. गडबड कशाला?" पुढच्या पोरांना मात्र त्यांनी एफच दिली.

पूजेला बसायची आता मला भीती वाटू लागली. तळहातावर लिंग घेतलं की बोटांचा तारांचा वास भस्माच्या वासात मिसळून वर येई, आणि मी देवाकडे न बघता त्याच्यावरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत बसे. ठिपका हलत नव्हता. रोज मी सुटकेचा श्वास टाकून उठत असे. संक्रांतीच्या आधी एका सकाळी मात्र अभिषेकाचं पाणी तळहाताच्या खोलगटात साचलं होतं, लिंग त्यात शांत बसलेलं होतं, आणि त्या पाण्यावर बारीक, अगदी बारीक वलयं उठत होती. कडेपासून मध्यापर्यंत, एकामागून एक. मी पाणी ओतून टाकलं, लिंग पुसून डबीत ठेवलं. थंडी फार आहे, असं मोठ्यानं म्हणाले, आणि खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

संक्रांतीला गौरी आली. संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. ताटलीत तिळाच्या वड्या होत्या, हे कुठल्याशा बातमीवर चिडले होते, आणि मी सोफ्यावर, पायांवर शाल घेऊन, खरोखर सुखात होते. गौरी मोबाईलवर काहीतरी करत होती. एकदम ती खुदकन हसली. "बाबा, बघा ना, आईची प्रॅक्टिस अजून चालूच आहे!" ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं. त्यांचा चेहरा कौतुकानं असा उजळला की मला तो आजही आठवतो. "झोपेत बी करती ती," ते म्हणाले. "ध्यासच घेतलाय की. आपल्याला न्हाय जमणार."

मी खाली पाहिलं. शालीवर माझा डावा हात होता आणि त्याचा अंगठा तर्जनीच्या पेरावरून फिरत होता. एकसारखा. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी बघते आहे हे कळल्यासारखा तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. गिटारमध्ये डाव्या अंगठ्याला काम नसतं, हे गौरी केव्हाच विसरून गेली होती आणि ह्यांना कधी ठाऊकच नव्हतं. त्या दोघांचे हसरे, अभिमानानं भरलेले चेहरे माझ्याकडे वळलेले होते. मी हसले आणि म्हणाले, "एफ बसवतेय गं. फार अवघड असते." शब्द सहज आले, तयार असल्यासारखे. आणि ते बोलून होतात न होतात तोच मला वखारीतली गादी दिसली, स्वामींकडे बघून हसणारे आप्पा दिसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हसण्याचा अर्थ कळला. आप्पांना ठाऊक होतं. घरानं त्यांना जप दिला आणि त्यांनी तो घेतला, कारण तो मोडला असता तर अव्वाच्या चेहऱ्यावरचा तो उजेड गेला असता.

गौरीनं माझ्या हाताचा व्हिडिओ काढला होता आणि तो घरच्या ग्रुपवर टाकूनही दिला होता. माझा मोबाईल टुणटुण वाजू लागला. टाळ्या आल्या, फुलं आली, आमच्या चंदगडच्या जाऊबाईंनी लिहिलं की तुमच्याकडून शिकावं तेवढं थोडं. मी ते सगळं वाचत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून तो व्हिडिओ स्वतः पाहिला. तो हात माझा होता, बांगड्या माझ्या होत्या. बाकी सगळं आप्पांचं होतं. खिडकीबाहेर धूर तळ्यावर उतरला होता आणि तुरुंगाचे दिवे त्यात विरघळल्यासारखे पिवळट दिसत होते. अक्कानं व्हिडिओ पाहिल्याची खूण उमटली होती. तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

मग तिचा फोन आला. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. "व्हिडिओ बघितलो," ती आमच्या गडहिंग्लजच्या बोलीत म्हणाली. मग हळू आवाजात, "आंगठा कशाला हालतोय गं?" अक्कानं उभ्या जन्मात गिटार हातात धरलेली नाही. मी तोंड उघडलं. एफ बसवतेय, हे वाक्य जिभेवर आलेलं होतं, आणि तेवढं म्हटलं असतं तर कदाचित तिनं ते घेतलंही असतं.

"मला बी आप्पा जपच म्हणायचे," अक्का म्हणाली. "मी हात धरलेला असायचा त्यांचा, तरी बी जपच म्हणायचे."

बाहेरून ह्यांनी हाक मारली, चहा टाकतेस का म्हणून. मोबाईल माझ्या उजव्या हातात होता. डावा ओट्याच्या गार कडप्प्यावर होता, पालथा, आणि त्याचा अंगठा चाललेला होता.

"उद्या पयल्या एस्टीनं येतो मी," अक्का म्हणाली. "दवाखान्यात संगट जाऊ. येऊ का?"

मी डावा हात उलटा केला, तळहात वर केला, पूजेला करतात तसा, आणि त्याच्याकडे पाहत म्हणाले, "ये."